आकाशी

पूर्वी आमच्या म्हशींच्या गळ्यात काही नसायचं.
सड्यावर एकच उंच धोंडा, त्याला पाठ लावून बाबा बसायचा,
विडी पेटेपर्यंत चौतीस मोजून व्हायच्या.
चौतिसावी शिंगमोडी, कायम थोडी लांब.

या वर्षी तो केरीच्या बाजारातून घंटा घेऊन आला.
अकराच. तेवढ्याच उरल्यात.
पितळेच्या नाहीत, पत्र्याच्या.
एकेकीच्या मानेत बांधताना
तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाला,
"डोळ्यांनी जमत नाही आता."

मला वाटलं मोतीबिंदू.
वाळपईला दवाखान्यात नेला.
डॉक्टरीण म्हणाली, सत्तरीच्या मानाने नजर चांगली आहे.
बाबाने विचारलं, वयाच्या की तालुक्याच्या?

मग मी स्वतः धोंड्यावर चढले.
रानमोडी छातीपर्यंत, तिच्यात घाणेरी गुंतलेली,
उतारावरून वर चढत आलेले काजू,
कोणी लावले ते कोणी विचारत नाही.
आणि पलीकडे,
शाळेच्या प्रार्थनेला हातभर अंतर सोडून उभी राहावीत तशी
ती झाडं.
टिटवीला अंडं ठेवायला उघडा जांभा शिल्लक नाही.
भाद्रपदात जिथे सीतेची आसवं निळी सांडायची
तिथे कोयत्यासारखी वाकडी पानं,
गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची,
कुजायचं नाव नाही.
खाली हात घातला.
गवताचं एक पातं लागलं नाही.

एक गोष्ट बाबाला सांगितलेली नाही.
लग्नाआधी दोन पावसाळे मी रोपवाटिकेत रोजावर होते.
काळ्या पिशव्या, तांबडी माती,
बोटाने भोक, भोकात बी.
दिवसाला चारशे.
मुकादम म्हणायचा, पडीक सडे हिरवे होतील.
पडीक हा शब्द मी ऐकला
आणि पुढची पिशवी उचलली.
मातीत घालायला शेण आमच्याच गोठ्यातून जायचं,
पाटीला पाच रुपये.
ते बाबाच मोजून घ्यायचा.

झाडाच्या विरुद्ध कसं बोलतात ते आम्हाला येत नाही.
झाड पडलं तर माणसं जमतात.
गवत गेलं तर
कधी गेलं, आजारी होतं का,
एवढंही विचारायला कोणी येत नाही.
फाल्गुनात बाबा सुकलेलं जाळायचा,
पट्ट्यापट्ट्यानं, वारा पडला की,
हातात ओली डहाळी घेऊन मागेमागे चालत.
मग गार्ड आला. कागदावर अंगठा घेतला.
आग गेली, रानमोडी आली,
ती ओसरीवर थांबणारी नव्हती.

आता रविवारी आम्ही दोघं कोयते घेऊन जातो.
रानमोडीचा वास जेवतानाही बोटांना.
गेल्या साली गोधडीएवढी जागा साफ केली होती,
पावसात तिथे कुसळी उगवली, खरंच उगवली.
शिंगमोडीच्या नातीने एका सकाळी संपवली.
मागे वळून बघितलं तिने, अजून कुठे आहे म्हणून.

परवा बाबा त्या झाडांतल्या एकाला टेकला.
साल चाचपली.
"याला म्हणतात काय?"
रोपवाटिकेतल्या बायका आकाशी म्हणायच्या.
ते मी सांगितलं. मला कसं माहीत, ते त्याने विचारलं नाही.
तो वर बघत राहिला, बराच वेळ.
"आकाशी," म्हणाला,
"मग खाली काय करतंय?"

मी कोयता उचलला. परत ठेवला.
आत कुठेतरी पत्रा वाजला,
दोन पावलं, थांबला,
मग दुसरीकडून.
बाबाने डोळे मिटून घेतले होते,
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.
नऊ.
दहा.
आम्ही उभे राहिलो.